एव्लियाच्या मागोमाग युरोपात

थारिक हुसेन हे बांगलादेशी वंशाचे, लंडनमध्ये वाढलेले प्रवासलेखक. त्यांचे 'मिनरेट्स इन द माउंटन्स' हे इंग्रजी पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध झाले. पत्नी व दोन मुलींसह बोस्निया, सर्बिया, कोसोवो, उत्तर मॅसिडोनिया, अल्बानिया आणि माँटेनेग्रो या सहा देशांतून केलेल्या भ्रमंतीचा हा वृत्तान्त आहे. वाटाड्या म्हणून त्यांनी सतराव्या शतकातील उस्मानी प्रवासी एव्लिया चेलेबी निवडला. या एव्लियाच्या स्वप्नात प्रेषित आले. त्यांच्यापाशी 'शफाअत' म्हणजे रदबदली मागायची, तर गोंधळून याने 'सियाहत' म्हणजे प्रवास मागितला, आणि मागणे मान्य झाले, अशी कथा त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. एर्झुरुमच्या थंडीत एका छपरावरून दुसऱ्यावर उडी घेणारे मांजर अधांतरीच गोठले, हेही त्याचेच कथन! वाटाड्या रंजक खरा. मात्र त्याच्या मागून जाणाऱ्याने पाऊल जपून टाकावे.

युरोपातील मुसलमान म्हणजे अलीकडे येऊन राहिलेला परका, ही समजूत हुसेन यांना खोडून काढायची आहे, आणि ती त्यांनी समर्थपणे खोडली आहे. बोस्नियाक व अल्बानियन मुसलमान बहुतांशी त्याच मातीतले. उस्मानी अमलात त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला, गाव बदलला नाही. उत्तर मॅसिडोनियातील तेतोवोची रंगीत मशीदच घ्या. मूळ बांधणी १४३८ची, आजचे रूप १८३३चे. दोन बहिणींनी ती बांधवली असे परंपरा सांगते. बाहेरच्या भिंतींवर वेलबुट्टीचे चौकोन, जणू कोणी गंजिफाची पाने मांडून ठेवावीत. त्याच गावात बेक्ताशी दर्वेशांचा अराबाती बाबा तेक्के आहे, आणि त्याच्या मालकीवरून २००२पासून मुसलमानांतच तंटा आहे. 'मुस्लिम वारसा' हा एकजिनसी गठ्ठा नव्हे, हे अशा ठिकाणी वाचकाला आपोआप उमगते.

माझा आक्षेप वाटाड्याविषयी आहे. एव्लिया हा मलिक अहमद पाशा या वजीराचा आप्त, त्याच्या लवाजम्यात हिंडलेला. त्याची दृष्टी दरबारी. पूल, हमाम, मशिदी मोजीत जाणारी. हुसेन यांचीही नजर त्याच्यामागून वास्तूंवर प्रेमाने खिळते. मोस्तारचा १५६६चा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला गेला आणि २००४ साली पुन्हा उभा राहिला. त्याचे दुःख वाचकालाही होते. परंतु विशेग्रादचा पूल बांधवणारा सोकोलू मेहमेद पाशा त्याच परिसरातला ख्रिस्ती मुलगा होता, उस्मानी सत्तेने 'देवशिर्मे' म्हणून घरातून उचललेला. कमान सुंदर आहे आणि ती उभारणारी सत्ता मुले नेणारी होती, ही दोन्ही वाक्ये एका पानावर मांडण्यासाठी जे थांबावे लागते, तेवढे हे पुस्तक थांबत नाही. परक्यांनी केलेल्या निंदेला उत्तर देण्याच्या भरात ते थोडे वकिली होते.

हे मी तिऱ्हाइताच्या तोऱ्याने म्हणत नाही. आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत गायकवाडी सनद होती. 'तुम्ही मूळचे कुठले?' असे बडोद्यात कोणी विचारले की ते ट्रंक उघडीत. आम्ही फौजेबरोबर आलो, हे मात्र त्या सनदेच्या वाचनात कधी येत नसे. बोस्नियाकांची गोष्ट आमच्यापेक्षा वेगळी, ते कुठून आलेच नव्हते. तरीही जुनेपणाचा पुरावा पुढे करण्यातली ती धडपड मला ओळखीची वाटली. आणि पुराव्यावर हक्क ठरू लागला, तर लंडनमध्ये दोनच पिढ्या काढलेल्यांचे काय?

याचे अर्धे उत्तर लेखकाच्याच दुसऱ्या कामात आहे. इंग्लंडमधील वोकिंग येथील मुस्लिम वारसास्थळांच्या पदयात्रा-मार्गांसाठी त्यांनी काम केले. तिथली १८८९ची मशीद, ब्रिटनमध्ये मुद्दाम मशीद म्हणून बांधलेली पहिली, भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या नावाने व देणगीने उभी आहे. ना स्वारी, ना धर्मांतर. इंदूरकरांच्या शेजारच्या संस्थानातून गेलेला पैसा सरे परगण्यात घुमट होऊन बसला!

२०२५ साली आलेल्या 'मुस्लिम युरोप'मध्ये हुसेन सायप्रस, सिसिली, माल्टा, पोर्तुगाल, स्पेन इकडे वळले. सायप्रस वगळता हा मुलूख बाल्कनच्या उलट: वास्तू उरल्या, माणसे गेली. स्पेनने १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को लोकांना हाकलून दिले. माल्टात तर वास्तूही फारशा नाहीत. भाषा तेवढी अरबी कुळातली राहिली. तिथले कट्टर कॅथलिक आजही ईस्टरपूर्व उपवासकाळाला 'रंदान' म्हणतात, आणि प्रार्थनेत देवाला 'अल्ला' अशी हाक मारतात.