गॉस्फर्थ येथील क्रूसस्तंभ : वाचन व रक्षण

इंग्लंडच्या वायव्येस कंब्रिया प्रांतांत गॉस्फर्थ नांवाचें खेडें आहे. तेथील सेंट मेरी देवालयाच्या आवारांत तांबड्या वालुकाश्माचा, सुमारें साडेचौदा फूट उंचीचा एक सडपातळ क्रूसस्तंभ उभा आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या १० व्या शतकाचा पूर्वार्ध मानतात. म्हणजे त्या किनाऱ्यावर वसलेले नॉर्स लोक ख्रिस्ती होऊं लागले तो समय. स्तंभावर अक्षर एकहि नाहीं. जें वाचावयाचें तें चित्रांतून.

पूर्वांगास ख्रिस्त हात पसरून उभा आहे, पण क्रूसाविना, केवळ एका चौकटींत. त्याच अंगावर एक पुरुष श्वापदाच्या जबड्यांत पाय रोवून वरचा जबडा हातानें फाडीत आहे. पश्चिमांगास बांधलेला लोकी व विषाचे थेंब पात्रांत झेलणारी त्याची पत्नी सिगिन. डॉ. पार्कर यांनीं १८९६ सालीं या स्तंभावर ग्रंथ लिहिला. तेव्हांपासून हें पौराणिक वाचन रूढ आहे, व तें आम्हांस मुख्यतः मान्य आहे. आमचा आक्षेप प्रमाणांच्या क्रमास आहे. स्नोरीची एड्डा १३ व्या शतकांतील. तिच्या आधारें १० व्या शतकाचा दगड सिद्ध करणें म्हणजे नातवाच्या साक्षीनें आजोबांचा जन्म ठरविणें होय. वस्तुतः उलट आहे. 'व्होलुस्पा' काव्यांत ओडिनपुत्र विदार फेनरिर लांडग्यास तरवारीनें मारतो; जबडा फाडण्याची कथा स्नोरीची. ती त्याच्या पदरची नव्हे, तीनशें वर्षें जुनी आहे, असें दगडच सांगतो. शृंगधारी पुरुषास मात्र हाइमडाल म्हणण्यास आम्ही कचरतों.

असा साक्षीदार उघड्यावर भिजत आहे. आवारांतील दुसऱ्या क्रूसाचा १७८९ सालीं छायायंत्रासाठीं दांडा छाटला गेला! तसला हात आतां कायदा अडवितो. १८८२ च्या पहिल्या कायद्याच्या यादींत ६८ स्मारकें होतीं, तीं बहुतेक प्रागैतिहासिक. आज तेथें १९७९ चा कायदा चालतो, व संरक्षित स्मारकास परवानगीवांचून हात लावतां येत नाहीं. परंतु पावसास कोणाची परवानगी लागत नाहीं. उपासना चालू असलेलें देवालय या कायद्याच्या बाहेर. त्यामुळें आंत भिंतींत बसविलेली थोरच्या मासेमारीची शिळा पावसापासून सुरक्षित, पण या कायद्याच्या छत्राबाहेर, आणि बाहेरील स्तंभाची गत नेमकी विपरीत.

स्तंभ उचलून आंत न्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. जागा सुटली कीं अर्धा पुरावा सुटतो. पण १८८२ सालीं घेतलेली त्याची प्लास्टरची प्रतिकृति लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे. मूळ पोथीस कसर लागण्यापूर्वीं उतरलेल्या प्रतीचें मोल आमच्या वाचकांस सांगावयास नको. यापुढें जो या स्तंभावर लिहील त्यानें प्रत्येक आकृतीपुढें आपण दगड वाचला कीं प्रतिकृति, हें नमूद करावें. हाइमडालविषयींची आमची शंका फिटली तर तेथेंच फिटेल.