जास्वंदीवरची तपकिरी कुपी

मित्रकीटकांचं कौतुक करायचं म्हटलं की माणसं लेडीबर्डपाशीच थांबतात. लाल पाठ, काळे ठिपके, पोरांच्या पुस्तकात चित्र; बाकीच्यांच्या वाट्याला टाळी उरतच नाही. मावा फस्त करण्यात ती तरबेज आहे, हे कबूल. छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही पडक्या भिंतीलगतच्या रुईवर पिवळा मावा दिसला की तिथे ती हमखास सापडते. तो मावा जास्वंदीकडे फिरकत नाही, म्हणून ती रुई उपटू नये, हेही जाता जाता सांगून टाकतो. पण सिडकोतल्या एखाद्या गच्चीवर, कुंडीतल्या जास्वंदीसमोर भिंग घेऊन बसायची ज्याची तयारी आहे, त्याला मी दुसऱ्याच कलावंतिणीकडे नेईन. जेमतेम दोन मिलिमीटरची काळी माशी, गांधीलमाशीच्या भावकीतली. तिचं नाव एनासियस.

तिचं काम कळायचं तर आधी पिठ्या ढेकूण नीट पाहायला हवा. जास्वंदीच्या शेंड्याला, कळीच्या देठाशी, पानाच्या बगलेत पांढरे पुंजके दिसतात. भिंगाखाली मेणाची पूड दिसते आणि पाठीवर, जिथे पूड नाही तिथे, काळसर ठिपक्यांच्या जोड्या. ही फेनाकोकस सोलेनोप्सिसची खूण. कीड मूळची अमेरिकेतली. टिन्सलेने तिचं शास्त्रीय वर्णन १८९८ मध्ये केलं. २००५ च्या आसपास ती आपल्याकडे कपाशीवर उतरली आणि गुजरात-पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कपाशी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. मराठवाड्यात कपाशी शहराच्या वेशीपर्यंत येते, आणि मधल्या रिकाम्या प्लॉटांवर माजलेलं गाजरगवतही या किडीला चालतं. नुकती जन्मलेली पिल्लं वाऱ्याबरोबरही जातात. तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आता मादी एनासियस बघा. झाडावर उतरली की ती उडण्यापेक्षा चालते जास्त. शृंगिका सारख्या हलत असतात. वाटेत येणाऱ्या पिठ्याला ती त्यांनी ठोकून पाहते. अगदी पिलू असलं तर सोडून पुढे जाते. बेताचा वाढलेला सापडला की वळते, पोटाचं टोक टेकवते, क्षणभर थांबते आणि पुढच्याकडे निघते. एका पिठ्यातून एकच माशी निपजते. भिंग चांगलं असेल आणि ऊन तिरपं असेल तर तिच्या डोक्यावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे दिसतात. लेडीबर्डच्या खाण्यातला धसमुसळेपणा इथे औषधालाही नाही.

खरी दाद द्यायची ती यानंतर. अंडं घातलेला पिठ्या लगेच मरत नाही, रसही शोषत राहतो. आतली अळी त्याला पोखरत जाते. हळूहळू वरची पूड विरळ होते, अंग फुगून गोलाकार होतं, कातडं कडक पडतं आणि शेवटी फांदीला चिकटलेली तांबूस-तपकिरी कुपी तेवढी उरते. शास्त्रज्ञ तिला ममी म्हणतात. साधारण दोन आठवड्यांत तिच्या मागच्या टोकाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. बंद कुपी म्हणजे प्रयोग चालू आहे, भोक पडलेली म्हणजे संपला. हे एवढं वाचता न आल्यामुळे नेमकी अशीच फांदी ‘रोग फार वाढला’ म्हणून छाटून कचऱ्याच्या गाडीत टाकली जाते.

हिच्या नावाचीही गंमत आहे. कपाशीवर ही माशी आपल्या आपणच पिठ्याला आवरते आहे असं दिसल्यावर अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिला नवी जात ठरवून ‘एनासियस बंबावालेई’ असं नाव दिलं, दिल्लीच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्यावरून. २०१४ मध्ये निष्पन्न झालं की हिचं वर्णन गिरॉल्टने कधीच करून ठेवलं होतं, ‘अ‍ॅरिझोनेन्सिस’ या नावाने. शास्त्रात जुनं नाव टिकतं, त्यामुळे बंबावाले गेले. मला वाईट वाटलं. पण गिरॉल्ट हा वरिष्ठांना टोमणे मारणारा मजकूर कीटकांच्या वर्णनातच छापणारा वल्ली होता, म्हणून माफ.

पांढऱ्या दिसणाऱ्या प्रत्येकाला चिरडण्याआधी आणखी एक ओळख करून घ्यावी. क्रिप्टोलीमस हा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा, लेडीबर्डचाच नातलग, १८९८ मध्येच कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला. त्या कामात तो फारसा चमकला नाही, पण पिठ्यावर मात्र जम बसवला. त्याच्या अळीच्या अंगावर मेणाचे लांब पांढरे झुबके असतात, त्यामुळे ती हुबेहूब मोठा पिठ्याच वाटते. काडीने हलकेच डिवचा: पिठ्या रेंगाळतो, अळी लगबगीने पळते.

पाण्याचा जोरदार फवारा मारून कीड धुऊन काढा, हा पुस्तकी सल्ला या शहरात ऐकवला तर लोक हसतील. इथे नळाला पाणी यायलाच दिवस मोजावे लागतात. ओला कापसाचा बोळा किंवा जुना टूथब्रश पुरतो, तपकिरी कुप्या तेवढ्या वगळायच्या. त्याहून महत्त्वाचा बंदोबस्त मुंग्यांचा. पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात आणि एनासियसला निवांत काम करू देत नाहीत. कुंडी भिंतीपासून चार बोटं सरकवावी, स्टँडच्या पायांना व्हॅसलीन फासावं.

फांदी छाटावीच लागली तर ती परातीत विटेवर ठेवा आणि भोवती तांब्याभर पाणी ओता. पिठ्याला पाणी ओलांडता येत नाही, माशी उडून जास्वंदीवर परतते. परातीतून उडणाऱ्या सगळ्याच आपल्या पक्षाच्या असतील असं मात्र नाही. प्रोमस्किडिया नावाची एक माशी ममीतल्या एनासियसवरच वाढते. दोघींना वेगळं काढायचा खटाटोप गच्चीवर जमणारा नाही, करूही नये. महिनाभराने शेंड्यांवर पांढरे जास्त की तपकिरी, एवढं बघावं. तपकिरी जास्त असतील तर कडुलिंबाच्या तेलाची बाटली कपाटातच राहू द्या.