'हरिश्चंद्राची फॅक्टरी' : प्रेक्षकांची दोन मते आणि एक वगळलेला उत्तरार्ध

प्रस्तावना :
परेश मोकाशी लिखित व दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाचा गौरव करणारा मराठी चित्रपट. 'श्वास' (२००४) नंतर भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून ऑस्करसाठी निवडला गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट होय. जानेवारी २०१० मध्ये तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा अशी त्याची प्रकृती असल्याने त्याला कौटुंबिक प्रेक्षक लाभला. या प्रेक्षकांत मात्र दोन मते आढळतात. एका मतानुसार चित्रपट निर्मळ, प्रसन्न आणि मुलांना आवर्जून दाखवावा असा आहे. दुसऱ्या मतानुसार त्यात संघर्षाची धग नाही. दादासाहेब फाळके यांचे कष्ट हसतखेळत पार पडल्यासारखे वाटतात. या दोन्ही मतांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रसन्नतेचे समर्थन :
१९११ साली गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके झपाटले. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा व यंत्रसामग्री घेऊन परतले आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. या अवधीत फाळके यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवली, अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली, तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुष नटास उभे करावे लागले. एवढी सामग्री हाती असता करुणरसप्रधान चरित्रपट काढणे सोपे होते. मोकाशी यांनी तो मोह टाळला. नंदू माधव यांचे फाळके कुतूहलाने भारलेल्या मुलासारखे वावरतात. नाटक-सिनेमाच्या कामाला प्रतिष्ठा नसल्याने नटमंडळींनी आपण 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' कामाला आहोत असे सांगावे, ही युक्ती चित्रपटाला शीर्षक देते आणि त्याचा सूरही ठरवते. शोध घेणाऱ्याला आपले कष्ट कष्ट वाटत नाहीत, हे मानसशास्त्रीय सत्य त्या विनोदामागे आहे. म्हणून 'संघर्ष दिसत नाही' हा आक्षेप या मर्यादेपर्यंत मान्य करता येत नाही.

घर हाच कारखाना :
चित्रपटाचे खरे बळ त्यातील कुटुंबात आहे. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांत भिंत उरत नाही. पत्नी आणि मुले ही निर्मितीची घटक बनतात. हे चित्र किनारपट्टीवरील प्रेक्षकाला विशेष ओळखीचे वाटावे. सातपाटीसारख्या कोळी वस्तीत पुरुष समुद्रावर गेले तरी मासळी निवडणे, बोंबील वाळत घालणे, बाजारात बसून विक्री करणे ही कामे घरच्या बायका सांभाळतात. तेथे घर आणि धंदा निराळे काढता येत नाहीत. अशा प्रेक्षकाला फाळके यांच्या घरातील धांदल नवलाची वाटणार नाही. परंतु त्या धांदलीत कोणाच्या वाट्याला किती काम आले, हा प्रश्न तो सहज विचारू शकेल.

येथेच प्रसन्नतेची किंमत जाणवू लागते. सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाक करीत, कपडे धूत. शिवाय कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे, ती धुण्याचे तांत्रिक कामही करीत. विभावरी देशपांडे यांनी ही भूमिका समंजसपणे केली आहे. तरीही कथेच्या खेळकर गतीत सरस्वतीबाईंचे श्रम 'साथ' म्हणून येतात, 'काम' म्हणून त्यांची मोजदाद होत नाही. पतीच्या वेडाचे कौतुक करणारी पत्नी प्रेक्षकाला आवडते. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक म्हणून मात्र ती त्याच्या स्मरणात राहत नाही. दुसऱ्या मतातील असमाधानाला खरा आधार सापडतो तो येथे.

कथा कोठे थांबते :
चित्रपट फाळके यांच्या १९१४ च्या लंडनमधील यशापर्यंत येऊन थांबतो. पुढील काळ सोपा नव्हता. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी मतभेद झाले, बोलपटाने मूकपटाची सद्दी संपवली आणि 'गंगावतरण' (१९३७) हा फाळके यांचा एकमेव बोलपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते बऱ्याच अंशी विस्मृतीत निवर्तले.

या संदर्भात मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'ह्यूगो' (२०११) या चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. फाळके यांच्याप्रमाणेच जादूचे प्रयोग करणारे फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस त्यात पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर खेळणी विकताना भेटतात. तोही मुलांसाठीचा, आरंभीच्या चित्रपटाचा गौरव करणारा कौटुंबिक चित्रपट; पण तो विस्मृतीपासून आरंभ करतो. नष्ट झालेल्या फिल्म्सचे दुःख बालप्रेक्षकाला पेलवते, असा विश्वास त्यात आहे. मोकाशी यांचा चित्रपट तो विश्वास दाखवीत नाही. परिणामी प्रेक्षक अभिमान घेऊन बाहेर पडतो, उणीव घेऊन नाही.

ही उणीव केवळ भावनिक नाही. सुमारे ३७०० फूट लांबीच्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिली आणि शेवटची एवढीच रिळे उपलब्ध आहेत. तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या कृतीच्या निर्मितीचा आपण उत्सव करतो, ती पूर्णपणे जपणे आपणास साधलेले नाही.

समारोप :
प्रेक्षकांची दोन्ही मते अंशतः खरी आहेत. प्रसन्नता हा या चित्रपटाचा दोष नसून त्याची दृष्टी आहे. मात्र त्या दृष्टीच्या कक्षेबाहेर सरस्वतीबाईंचे श्रम आणि फाळके यांचा उत्तरकाळ राहून जातो. महाविद्यालयीन वर्गात हा चित्रपट अवश्य दाखवावा. पण तो संपल्यावर दिवे लागले की १९१४ नंतर काय झाले, फिल्मला छिद्रे कोणी पाडली आणि उरलेली रिळे कोठे गेली, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे हे अध्यापकाचे काम आहे. चित्रपटाने मिळवून दिलेला आनंद त्यामुळे कमी होणार नाही; त्याला इतिहासाचे वजन येईल.