पात्राचा आवाज आणि मनातील नट

टेबलाभोवती चारपाच जणांनी बसावे, समोर कागद, पेन्सिल आणि बहुफलकी फासे असावेत, आणि कोणीही न लिहिलेली एक कथा बोलता बोलता घडवीत जावे, अशा खेळाला इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मराठीत त्यास रूढ शब्द नाही. येथे सोयीसाठी ‘भूमिकाखेळ’ म्हणू, आणि खेळ चालविणाऱ्या ‘डंजन मास्टर’ला सूत्रधार. हा सगळा व्यवहार बोलण्याचा असूनही भाषेच्या अंगाने त्याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. त्यातील एकाच प्रश्नापुरते हे टिपण आहे : खेळाडूने आपल्या पात्रासाठी निराळा आवाज काढावा काय, आणि ‘या पात्राचे काम अमुक नट करीत आहे असे समजा’ असे जेव्हा तो म्हणतो तेव्हा तो नेमके काय सांगत असतो?

या खेळाचा उगम नाटकात नसून युद्धखेळात आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला तो सैन्याच्या छोट्या प्रतिमा मांडून खेळणाऱ्या मंडळींसाठी. पात्राने कसे बोलावे हा त्या मूळ नियमांचा विषयच नव्हता. चाळीस वर्षांनी, 2014 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये मात्र भूमिका वठविण्याच्या दोन रीती स्वतंत्रपणे वर्णिलेल्या आढळतात. पात्र काय करते नि काय म्हणते हे तृतीय पुरुषात सांगावे ही एक. पात्रच होऊन, त्याच्या तोंडाने बोलावे ही दुसरी. ग्रंथकार दोहोंत डावेउजवे करीत नाहीत. ज्याला जे मिश्रण साधेल ते त्याने घ्यावे असा त्यांचा एकंदर कल आहे. हे औदार्य व्यवहारात ठीक आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ते पुरत नाही, कारण या दोन रीती एकाच कामाच्या दोन पद्धती नव्हेत. त्या दोन निराळ्या भाषिक क्रिया आहेत.

हर्बर्ट क्लार्क आणि रिचर्ड गेरिग यांनी 1990 मध्ये असे प्रतिपादन केले की, दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उद्धृत करणे हे वर्णन नसून प्रात्यक्षिक असते. आणि प्रात्यक्षिक नेहमी निवडक असते. आत्याबाईंचे बोलणे सांगताना आपण त्यांचा एखादा हेल तेवढा उचलतो, त्यांचा खोकला उचलीत नाही; उचललाच तर तो हेतुपूर्वक. पात्राच्या आवाजाला हाच न्याय लागू आहे. ज्याला नवा कंठ संपूर्ण निर्माण करावयाचा आहे तो तासाभरात दमतो आणि श्रोत्यालाही दमवितो. ज्याने एकच खूण निवडली, उदाहरणार्थ वाक्याच्या शेवटी क्षणभर थांबणे, त्याचे पात्र रात्रभर टिकते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा लक्ष्मण देशपांडे यांचा एकपात्री प्रयोग ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको. पन्नासाहून अधिक माणसे एकाच गळ्यातून येत, पण ती अल्पशा फेरफारानेच ओळखू येत.

तथापि आवाजाचे मुख्य काम रंजन नव्हे, ओळख पटविणे हे आहे. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी 1983 च्या आपल्या ‘शेअर्ड फँटसी’ या ग्रंथात, गॉफमन यांच्या चौकट-विचाराचा आधार घेऊन, टेबलावरचा माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो असे दाखविले : व्यक्ती म्हणून, खेळाडू म्हणून आणि पात्र म्हणून. ‘मला पाणी हवंय’ हे वाक्य घ्या. वाळवंटात अडकलेले पात्र हे बोलत आहे की चिवडा खाऊन तहान लागलेला खेळाडू? आवाज बदलला तर प्रश्नच उद्भवत नाही. न बदलला तर कोणीतरी उठून तांब्या आणतो. (हा प्रसंग कल्पित नाही.)

येथे मराठीच्या स्वभावाचा एक विशेष पुढे येतो, आणि इंग्रजी खेळाडूंनी इंग्रजीसाठी दिलेला उपदेश जसाच्या तसा उचलणाऱ्या आपल्या तरुणांनी तो अवश्य ध्यानात घ्यावा. इंग्रजीतील ‘मी’ला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. म्हणून एखादा मुलगा स्त्रीपात्र घेतो तेव्हा ते स्त्रीपात्र आहे ही जाणीव जागी ठेवण्याचा भार बराचसा त्याच्या आवाजावर पडतो. मग तो स्वर चढवितो, आणि पुष्कळदा पात्राचे विडंबन होते. मराठीत तो भार क्रियापदाचा प्रत्यय उचलतो. ‘मी पुढे जाते, दार ढकलते... थांबा, आधी मी फासा टाकतो’ या एका वाक्यात पात्र कोठे संपले आणि खेळाडू कोठे सुरू झाला हे ‘-ते’ आणि ‘-तो’ यांनी स्वच्छ सांगितले आहे. स्वर रेसभरही चढविण्याची गरज नाही. गंमत अशी की, हे साधन भूतकाळात सकर्मक क्रियापदापाशी आले की हातातून निसटते. ‘मी दार उघडलं’ यात कर्त्याचे लिंग उरत नाही, क्रियापद कर्माच्या मागे जाते. तेथे पुन्हा आवाजाला कामावर बोलवावे लागते. कोल्हापूरकडच्या बोलीत स्त्रियाही ‘मी येतो’ असे म्हणतात, तेव्हा तिकडच्या टेबलावर ही सोय मुळातच वेगळ्या रीतीने चालत असणार. कोणा विद्यार्थ्याने प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करून हे पडताळून पाहावे असा हा विषय आहे.

आवाज काढण्याच्या प्रथेला आजची प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः ‘क्रिटिकल रोल’ या अमेरिकन कार्यक्रमामुळे. 2015 पासून प्रक्षेपित होत आलेल्या या खेळातील मंडळी व्यवसायाने ध्वनिनट आहेत. सुरुवातीपासून अनेक वर्षे मॅथ्यू मर्सर हे त्यांचे सूत्रधार होते. पुढे त्यांच्याच खेळावरून ‘द लेजंड ऑफ वॉक्स मशिना’ ही व्यंगपट-मालिका 2022 मध्ये आली आणि त्याच नटांनी आपापल्या पात्रांना आवाज दिले. दोन्ही शेजारी ठेवून ऐकली असता एक फरक जाणवतो. मालिकेत आवाज अधिक सफाईदार आहेत, तरी टेबलावरची मौज तेथे नाही. टेबलावर तोच नट एका श्वासात हिशेब करतो, दुसऱ्यात हसतो, तिसऱ्यात पात्र होतो. ही चढउतार ऐकणे हाच आनंदाचा भाग असतो. व्यंगपटात फक्त पात्र उरते. ज्याला आपण पात्राचा आवाज म्हणतो त्याचे सौंदर्य बरेचसे खेळाडूच्या स्वतःच्या आवाजाशी असलेल्या त्याच्या अंतरात आहे, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

या मंडळींच्या दुसऱ्या दीर्घ कथेत (2018 ते 2021) फ्योर्ड नावाचे एक पात्र आहे. ट्रॅव्हिस विलिंगहॅम यांनी त्याला अमेरिकेच्या दक्षिणेकडील संथ, ओढलेल्या वळणाची बोली दिली. श्रोत्यांनी ती नटाने निवडलेली खूण म्हणून सहज स्वीकारली. कथा पुढे गेल्यावर उघड झाले की, ही बोली नटाचीच नव्हे तर पात्राचीही उसनी आहे. ज्या कप्तानाला फ्योर्ड गुरुस्थानी मानीत होता त्याची ती बोली. त्याचा स्वतःचा उच्चार निराळा, इंग्लंडच्या वळणाचा. पुढे तो मुखवटा उतरवितो आणि आपल्या आवाजात बोलू लागतो. आवाज काढण्याच्या प्रथेतून निघालेले याहून समर्थ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. श्रोता ज्या संकेताच्या पलीकडे पाहत नाही, तोच संकेत येथे कथेचा विषय झाला. आपला उच्चार लपवून मोठ्या माणसाचा उच्चार पांघरणे हे ज्याने परगावी शिकताना केले आहे त्याला फ्योर्ड परका वाटणार नाही.

अशा गुणवत्तेचा एक दुष्परिणामही झाला. नवे खेळाडू आपल्या घरच्या सूत्रधाराकडून मर्सर यांच्या तोडीच्या अभिनयाची अपेक्षा करू लागले. या तक्रारीला ‘मर्सर-परिणाम’ असे नावच पडले आहे. त्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. भजनी मंडळात बसणाऱ्याने भीमसेन जोशींशी तुलना होईल या भयाने गाणे सोडू नये, याहून अधिक येथे सांगण्यासारखे नाही.

आता मनातील नटाकडे वळू. पात्र लिहिताना विशिष्ट नट डोळ्यांसमोर ठेवणे ही रीत जुनी आहे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या 1599 च्या आवृत्तीत पीटर या नोकराच्या प्रवेशाच्या जागी विल केम्प या नटाचेच नाव छापले गेले आहे, आणि ‘मच अडो अबाउट नथिंग’च्या 1600 च्या आवृत्तीतही डॉगबेरीच्या काही संवादांपुढे केम्पचेच नाव राहून गेले आहे. लेखणीला पात्राआधी नट दिसत होता. भूमिकाखेळात मात्र नटाचे नाव घेणारा स्वतःच ते काम करणार असतो. म्हणजे त्या नावाने तो कामाची वाटणी करीत नसून श्रोत्याच्या कल्पनेला एक नमुना पुरवीत असतो. ‘उंच, सावध, हळू बोलणारा, मनात कपट’ अशी चार विशेषणे श्रोता चार दिशांना नेईल. एका नटाचे नाव घेतले की चालणे, थांबणे, पाहणे आणि सूर हे सारे एकत्र येते. हे शब्दांनी केलेले वर्णन नव्हे. ते बोट दाखविणे आहे.

पण बोट नेमके कोणाकडे असते? मराठी टेबलावर खलनायकी सरदारासाठी ‘निळू फुले’ हे नाव मी अनेकदा ऐकले आहे. ते उच्चारणारी मुले विशीतली. त्यांनी ‘सामना’ (1974) पाहिलेला असतोच असे नाही. त्यांनी पाहिलेली असते नकलाकारांनी केलेली निळूभाऊंची नक्कल. राष्ट्र सेवा दलात घडलेला, पडद्याबाहेर अत्यंत सौम्य म्हणून ओळखला गेलेला तो माणूस या नावात नाही. ‘सामना’तल्या हिंदुराव पाटलाच्या वागण्यातील बारकावेही नाहीत. उरला आहे तो एक घोगरा सूर आणि तिरपी नजर. अशा रीतीने मनातील नट हा पुष्कळदा नट नसतोच. तो नकलेची नक्कल असतो, आणि पात्र तेवढ्यावरच थांबते. माझ्या मते नटाचे नाव पहिल्या बैठकीत घ्यावे आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत विसरावे. पात्राला स्वतःच्या दोन सवयी लागल्या की त्या नावाची जरूर राहत नाही.

उच्चारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. इंग्रजी भूमिकाखेळात बुटका खाणकरी ‘ड्वॉर्फ’ स्कॉटिश ढंगात बोलतो हा आता जणू नियम झाला आहे. टॉल्किन यांनी तो घातलेला नाही. ड्वॉर्फांच्या भाषेची घडण त्यांनी सेमिटिक भाषांच्या धर्तीवर केली होती. पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मधील ड्वॉर्फ मात्र स्कॉट वळणाने बोलतो, आणि त्या कादंबरीचा उल्लेख गायगॅक्स यांनी 1979 मध्ये दिलेल्या प्रेरक ग्रंथांच्या यादीत आहे. चित्रपटांनी हा संकेत पुढे पक्का केला. हे निरुपद्रवी वाटेल. पण रोझिना लिप्पी-ग्रीन यांनी 1997 मध्ये डिस्नेच्या 24 व्यंगपटांतील पात्रांचे उच्चार तपासले, तेव्हा परदेशी वळणाने इंग्रजी बोलणाऱ्या पात्रांत दुष्टांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले. आपली परंपराही या बाबतीत निर्दोष नाही. नाट्यशास्त्राने कोणत्या पात्राने संस्कृत बोलावे नि कोणी कोणते प्राकृत, हे ठरवून दिले; ‘मृच्छकटिका’तला शकार ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो आणि तेवढ्याने प्रेक्षक हसावयास सिद्ध होतो.

आमच्या काही विद्यार्थ्यांच्या बैठकींना मी गेली दोन वर्षे अधूनमधून श्रोता म्हणून बसत आलो. सूत्रधार हुशार, पुण्यात वाढलेला. त्याचे राजे, पंडित, जादूगार शुद्ध प्रमाणभाषेत बोलत. पहारेकरी, नावाडी, चोर हे सगळे वऱ्हाडीत. तो वऱ्हाडी छान उचली, आणि आम्ही हसत असू. मीही हसत असे, हे येथे नमूद केले पाहिजे. बोलींना उच्चनीच नसते असे वर्गात वर्षानुवर्षे सांगणारा मी. त्याच टेबलावर अमरावतीकडची एक विद्यार्थिनी होती. तिची वैदू फार जपून, पुस्तकी मराठीत बोले आणि फार थोडे बोले. ती लाजाळू आहे असा माझा समज होता.

एका बैठकीत राजाने तिच्या वैदूला आजाऱ्याचे निदान विचारले. तिने क्षणभर कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘महाराज, मी तुमाले तीन दिवसांपासून सांगून रायली, त्याले ताप नाही, भूक लागली हाये. तुमी आयकतच नाही.’ आवाज तिचाच होता, कोणतीही नक्कल नव्हती. कोणी हसले नाही. सूत्रधाराच्या राजाने उत्तर दिले ते नेहमीच्या प्रमाणभाषेत, पण किंचित अडखळत. नंतर दारावरच्या पहारेकऱ्याची पाळी आली, तेव्हा त्याने तोंड उघडले, थांबला, आणि त्या पहारेकऱ्याला आपल्या स्वतःच्या साध्या आवाजात बोलू दिले.

त्या रात्री वैदूने उरलेल्या दोन तासांत मागील सहा बैठकींत मिळून बोलली नसेल इतके बोलणे केले. माझ्या टिपणवहीची चार पाने तिच्या वाक्यांनी भरली आहेत. त्यांतील ‘-ते’ आणि ‘-ली’ यांची मोजणी अद्याप चालू आहे.