सोडतीचे वाहन आणि चामड्याची नक्षी

धर्मादाय निधीसाठी सोडत काढावी आणि मुद्दाम बांधवून घेतलेली मोटारसायकल बक्षीस ठेवावी, हा प्रघात अमेरिकेत चांगलाच रुळला आहे. अशा वाहनाची बैठक आणि बाजूच्या पिशव्या पुष्कळदा कोरीव चामड्याच्या असतात. उत्सवाच्या कुपनांवर मोटारसायकल आपल्याकडेही दिसते. पण कामरेजच्या चौकातून जाणाऱ्या गाड्यांची बैठक पाहावी, तर बहुधा रेक्झिनच. या अपरिचित कलेपुढे दिपून न जाता तिचे मोल ठरविले पाहिजे.

ही नक्षी घोड्याच्या खोगिरावरून इकडे आली. वायोमिंगमधील शेरिडनच्या डॉन किंग (१९२३–२००७) या खोगीरकाराने रानगुलाबाच्या गुंफलेल्या वेलींची जी शैली घडविली, ती त्या गावाच्याच नावाने प्रसिद्ध आहे. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे ओलवावयाचे, सुरीने रेषा कापावयाची, ठशांनी रेषेची एक बाजू दाबून फूल उठवावयाचे. क्रोमने कमावलेले चामडे हा उठाव नीट धरीत नाही. एकदा कापलेली रेषा पुन्हा मिटत नाही. या कलेची प्रतिष्ठा त्या जोखमीत आहे.

परंतु कौशल्य आणि औचित्य या दोन वेगळ्या गोष्टी होत. कोल्हापुरी चपलेची वेणी पायावरच्या पट्ट्यावर शोभते. पाऊल टेकते ते तळ साधेच राहते. मोटारसायकलच्या कारागिराने हाच विवेक पाळावा. मऊ गादीवर ताणून बसविलेली नक्षी पसरते, खोलगट रेषांत पावसाचे पाणी साचते, आणि स्वाराच्या वजनाने उठाव झिजतो. वेल कडेला व पिशव्यांवर असावी, मधली बैठक कोरी असावी. जेथे सर्वांगावर फुले उधळलेली दिसतात, तेथे काम वाहनासाठी नव्हे, तिकीट खपविण्यासाठी झाले असे समजावे.

मूळ दोष सोडतीतच आहे. बेतून केलेल्या बैठकीचा अर्थच असा की, ती एका विशिष्ट देहाच्या मापाची. सोडतीच्या वाहनाला चिठ्ठी निघेपर्यंत धनीच नसतो. मग माप कोणाचे घ्यावे? शिवाय आपल्याकडे, राज्याची किंवा राज्याने अधिकृत केलेली नसलेली सोडत काढण्यासाठी जागा चालविणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९७ व्या कलमान्वये गुन्हा आहे. हेतू धर्मादाय असला म्हणून गुन्ह्याचे पुण्य होत नाही. उत्सवसमित्यांनी हे ध्यानी धरावे.

यावर उपाय परका नाही. गोमंतकातील देवळांत पावणी होते. बोली उघड, घेणारा ठाऊक, पैसा देवाच्या कार्याला. वाहनाची पावणी आधी करावी, बैठक नंतर शिववावी; म्हणजे कारागिराला माप मिळेल आणि घेणारा काम पारखून घेईल.

आणखी एक. पायताण बाहेर उतरविणारे आपण पखवाजाचे कातडे सभामंडपात मानाने वाजवितो. ते कमावणाऱ्याचे नाव मात्र विचारीत नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेसारखे पायताण २०२५ साली प्राडाने मिलानमध्ये मांडले, तेव्हा प्रथम मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता, म्हणून आपण रागावलो. तो राग खरा असेल, तर आपल्या पावणीच्या पत्रकावर देणगीदाराच्या आधी चामडे कोरणाऱ्याचे नाव छापले गेले पाहिजे.