लखोबाची उलटतपासणी

आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) या नाटकावर घेतला जाणारा आक्षेप असा की, विवाहाच्या आमिषाने स्त्रियांना लुबाडणारा माणूस येथे प्रेक्षकांचा लाडका होऊन बसतो. नाटककार त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, एवढे उत्तर समर्थकांना पुरेसे वाटते. आक्षेपक आणि समर्थक दोघेही गुन्हा व त्याचे फळ यांचाच हिशेब मांडतात. नाटककाराची नैतिक भूमिका मात्र नाटकाच्या रचनेत शोधावी लागते.

माधव काझी खटल्याचा आधार घेताना अत्र्यांनी न्यायालयाची चौकट स्वीकारली आणि साक्षींमधून गतप्रसंग उलगडत नेले. मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली हे प्रसंग फिरत्या रंगमंचावर सरकत राहिले आणि प्रभाकर पणशीकरांनी एकट्याने पाच रूपे उभी केली. ओळख पटविणे हा न्यायालयापुढचा प्रश्न आहे. प्रेक्षकाला तो प्रश्नच नाही. पाचही रूपांमागचा नट एकच, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असते. या जाणतेपणामुळे तो नकळत आरोपीच्या बाजूला जाऊन बसतो. हास्याचा उगम येथे आहे, आणि अडचणही येथेच.

ही अडचण सर्वांत तीव्र होते ती उलटतपासणीत. आरोपी आपला बचाव स्वतःच करतो. जिला फसविले तिलाच तो प्रश्न विचारतो, शब्दांत पकडतो, आणि प्रेक्षागृह हसते. फसवणूक दुसऱ्यांदा घडते. या वेळी आपल्या साक्षीने. पणशीकरांच्या प्रयोगांविषयी लिहिताना वेषांतराच्या चापल्याचे कौतुक भरभरून झाले (ते सार्थही आहे), परंतु त्या क्षणी साक्षीदार स्त्रीच्या वाट्याला काय येते, याकडे समीक्षेने फारसे वळून पाहिलेले नाही.

तरीही अत्र्यांनी लखोबाला क्षमा मिळवून दिली, असे म्हणता येत नाही. गडकऱ्यांच्या सुधाकराला पश्चात्ताप आहे, म्हणून त्याच्या अपराधांसह तो आपल्या करुणेला पात्र ठरतो. लखोबाला अंतरंगच दिलेले नाही. दुःखी बालपण नाही, समर्थन नाही, कबुली नाही. आहे तो केवळ नकार. ज्याने काही मान्यच केले नाही त्याला माफ तरी कशाबद्दल करायचे? प्रहसनाला शोभणारा हा सपाटपणा येथे नैतिक दक्षतेचे काम करतो.

त्याच्या सोंगांची निवडही पाहण्याजोगी आहे. कॅप्टन, शास्त्री, महाराज: गिरगावपासून शीवपर्यंतच्या बिऱ्हाडांत ज्या बिरुदांपुढे मान आपोआप लवते, तीच तो अंगावर चढवतो. 'स्थळ' चांगले आहे एवढे कळल्यावर माणसाची चौकशी थांबते, हे त्याने हेरलेले आहे. आणि न्यायालयातले सोंग? निपाणीचा साधाभोळा तंबाखूचा व्यापारी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिली होती. संयुक्त महाराष्ट्राचा लढा गाजविणाऱ्या अत्र्यांना त्या गावाच्या नावाने मराठी मनात काय हलते, हे कोणी सांगायला नको होते. तेथल्या बोलीचा गोडवा ऐकून सुखावणारा प्रेक्षक, कॅप्टनचा गणवेश पाहून सुखावलेल्या वधुपित्याला भोळसट ठरवून हसत असतो.