वासुदेव बळवंतांचें ‘पकडतेवेळचें’ छायाचित्र : एक परीक्षण

इंदिरानगर, नाशिक येथील एका संग्राहक स्नेह्यांनीं वासुदेव बळवंत फडके यांचें एक जुनें छायाचित्र अवलोकनार्थ मजकडे आणिलें. खालीं वळणदार बाळबोध अक्षरांत ‘पोलिसांनीं पकडतेवेळीं घेतलेलें’ अशी टीप आहे. ती कितपत ग्राह्य, एवढाच प्रस्तुत विचार.

फडके हे जुलै १८७९ मध्यें तत्कालीन कलादगी जिल्ह्यांतील देवर नावडगी येथें, रात्रीं निद्रिस्त असतां, मेजर डॅनियल यांच्या हातीं लागले. त्या काळीं छायाचित्रकार बहुधा ओल्या कांचेवर काम करीत. कांच रसायनानें माखावी, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी, आणि वाळण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत धुवावी. शिवाय दिवसाचा उजेड हवा. मध्यरात्रीं पाठलाग करणाऱ्या टोळीबरोबर हें बिऱ्हाड होतें, असें मानणें कठिण. चित्र अस्सल असेल तर तें मागाहून, कैदेंत असतांना, उजेडांत घेतलेलें असलें पाहिजे.

स्नेह्यांचें दुसरें म्हणणें असें कीं, याच चित्रावरून त्यांचा शोध लागला. हें तर उलटेंच झालें. कैदेंत काढलेलें चित्र शोधास कसें उपयोगी पडावें? १८९७ सालीं रँड यांच्या वधानंतर सरकारनें वीस हजारांचें बक्षीस लाविलें. तेथेंहि दामोदर चाफेकरांपर्यंतचा धागा लागला तो द्रविड बंधूंच्या तोंडून, चित्रावरून नव्हे.

समोरून व बाजूनें अशीं जोडचित्रें घेऊन अंगाचीं मापें नोंदविण्याची पद्धति पॅरिसच्या बर्तियों यांनीं १८८२ नंतर रूढ केली. १८९२ सालीं राव्हाशोल हा अराजकवादी तिच्यायोगें ओळखला गेला. तत्पूर्वीं १८७१ च्या पॅरिस कम्यूनचे कैदी आपेर यांनीं व्हर्सायच्या तुरुंगांत टिपले, ते बहुतांशीं साध्या बैठकींत. सबब, १८७९ चें म्हणून कोणी जोडचित्र दाखविल्यास सावध राहावें. लिपीच्या वळणावरून पोथीचा काळ ठरवितों, तसेंच हें.

फडक्यांची दैनंदिनी व आत्मवृत्त सरकारच्या हातीं पडून खटल्यांत पुरावा झालीं. तीं वाचतांना पाठ कोणाच्या हातून आला, हें आपण विचारतों. चित्रास मात्र हार घालून मोकळे होतों! ज्या डोळ्यानें तें टिपलें तो पहारेकऱ्याचा असेल, तर त्यांतील मुद्रेवरून ‘निर्धार’ किंवा ‘खिन्नता’ वाचणाऱ्या चरित्रलेखकांनीं जरा थांबावयास हवें.

खरी हानि निराळीच आहे. मूळ पुठ्ठा कसर लागलेला म्हणून चौकट करणाऱ्यानें सोलून फेकून दिला. पाठीमागें ‘कांहीं इंग्रजी अक्षरें व एक आंकडा’ होता, एवढेंच स्नेह्यांस स्मरतें. पोथीची पुष्पिका फाडावी आणि बासन मात्र नवें रेशमी करावें, तसा हा प्रकार. त्या आंकड्यावरून कदाचित् दफ्तर सांपडलें असतें.

टीप खोडूं नये, असें मीं त्यांस सुचविलें. तीहि आतां एक साधनच आहे. तिच्याखालीं प्रत कोणाकडून, कोणत्या सालीं आली तें लिहावें, आणि पुठ्ठ्याविषयीं जें आठवतें तेंहि आजच टिपून ठेवावें.